चाखण्याचा रकाना

मार्गशीर्ष लागला की जळगावच्या भाजीबाजारात भरताची वांगी ढिगानं उतरतात. पोपटी, लांबट, हाताला हलकी. तिकडे शेतांत कपाशीच्या काड्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, त्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात आणि शिवारातून घरी आलेल्या माणसाच्या स्वेटरला तो खरपूस वास दोन दिवस राहतो. या दिवसांत बाकीच्यांना भूक लागते. मला राग येतो. चांगला, ठणठणीत, वर्षभर मुरलेला राग. कारण त्याच सुमाराला टीव्हीवर त्या पाककलेच्या स्पर्धेची जाहिरात सुरू होते. 'नवा सीझन' म्हणतात त्याला. भरताचाही आमच्याकडे सीझनच असतो. दोन्ही एकदम येतात आणि मी कपाटातून माझी वही काढते.

शंभर पानी, लांबट वही आहे. पडद्यावर स्पर्धकांचे गुण दाखवतात ते मी उतरवून घेते: चव दहापैकी, मांडणी दहापैकी, स्वच्छता दहापैकी, पद्धत दहापैकी. कोण किती वेळा पहिल्या तिघांत आलं, कोण किती वेळा काठावर वाचलं. हे वाहिनीवाले स्वतःच दाखवतात, रंगीत पट्ट्या वरखाली करून. पण माझ्या वहीत दोन रकाने जास्त आहेत. एक, स्पर्धकानं किती वेळा चाखलं. दुसरा, चाखल्यावर पुढं काय केलं. आमचे हे पेपराआडून म्हणतात, "झाली का सुरू मतमोजणी?" मी उत्तर देत नाही, कारण तेवढ्यात कुणीतरी चमचा तोंडात घातलेला असतो.

त्या दुसऱ्या रकान्यातली मजा कुणी मोजतच नाही. एक बाई एका भागात दहा वेळा चाखतात. डोळे मिटतात, मान डोलावतात, कॅमेऱ्याकडे बघून हसतात. दहातून एकदाही हात मिठाच्या डब्याकडे जात नाही, की लिंबाकडे. मग चाखलं कशाला? एक तरुण मुलगा आहे, तो फक्त दोनदा चाखतो, पण दोन्ही वेळा कपाळाला आठ्या घालून काहीतरी टाकतो. त्याला पद्धतीत सहा आणि बाईंना साडेनऊ. मी शेजारी शेजारी दोन्ही नावं लिहिते आणि खाली लाल पेनानं रेघ मारते. मला बरं वाटतं.

चार हिवाळ्यांपूर्वी त्या पट्ट्यांमध्ये एक पट्टी माझी होती. 'मालतीताई, जळगाव.' चवीच्या रकान्यात माझे गुण सगळ्यांत वर होते. हे मी फुशारकीनं सांगत नाही, वाहिनीनं स्वतः दाखवलेलं आहे, त्या भागाचा फोटो मी टीव्हीसमोर उभं राहून मोबाइलवर काढून ठेवलाय. आणि पद्धतीच्या रकान्यात शून्य. दहापैकी शून्य. त्या सीझनमध्ये तेवढं शून्य दुसऱ्या कुणालाही मिळालं नाही.

का मिळालं ते सांगायचं तर आधी अक्का सांगायला हवी. अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. धुळ्याकडची, बोलणं अजून अस्सल अहिराणी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला नीट भाकरी थापता येत नव्हती. अक्कानं शिकवलं, आणि पहिलीच गोष्ट शिकवली ती म्हणजे स्वयंपाक होईपर्यंत तोंडाला लावायचा नाही. नैवेद्य निघायच्या आधी चाखलं की सगळं उष्टं. मग मीठ कळायचं कसं? अक्का झाकण बाजूला करायची आणि वाफेत चेहरा धरायची. "मालू, मिठाले वास नही ऱ्हास. पन मीठ पडनं की वाफ बदलस." मला वाटलं थट्टा करतेय. दोन वर्षं मला काही कळलं नाही. तिसऱ्या वर्षी एकदा डाळीवरचं झाकण काढलं आणि वाफ कोरी लागली. कोरी म्हणजे काय ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, "अक्का, मीठ राहिलं." अक्का हसली नाही, शाबासकी दिली नाही, मिठाचा डबा तेवढा पुढं सरकवला.

एका पूजेला आलेले गुरुजी म्हणाले होते की नैवेद्याचा वास घेणंसुद्धा शास्त्रात बसत नाही. अक्का म्हणाली, "वाफ आपली आपण नाकमा येस, महाराज. मी काय तिना घर जास का?" गुरुजी जेवून गेले. दोन वेळा डाळ मागून घेतली.

तेव्हापासून घरातली, नात्यातली, गल्लीतली लग्नं, बारशी, भरिताच्या पार्ट्या, सगळीकडे आम्ही दोघी. अक्का एका चुलीवर, मी दुसऱ्या. दोनशे माणसांची डाळ असो की खापरावरचे मांडे, आम्ही कधी चमचा तोंडात घातला नाही आणि कधी कुणी पानावर मीठ मागितलं नाही. अक्का माझ्या पातेल्याकडे बघायचीही नाही. माझ्या आयुष्यात कुणी मला दिलेला सगळ्यांत मोठा मान तोच.

स्पर्धेत माझ्या शेजारच्या ओट्यावर अनुजा होती. पुण्याची, वय अठ्ठावीस-तीस, मला काकू म्हणायची. आम्हाला मुंबईत एकाच खोलीत उतरवलं होतं. तिचं ताट म्हणजे बघत राहावं असं. कोथिंबिरीचं एक पानसुद्धा कुठल्या दिशेला वाकलं पाहिजे ते तिला माहीत. एका सकाळी मी खोलीतल्या किटलीवर चहा केला. तिथं साखरेच्या आणि मिठाच्या पुड्या एकसारख्याच होत्या, चष्मा डोळ्यांवर नव्हता. दोन कपांत मीठ गेलं. मी पहिला घोट घेतला आणि थुंकायला उठले. अनुजा तोवर निम्मा कप प्यायली होती. म्हणाली, "काकू, तुमच्या हातचा चहा म्हणजे ना, घरची आठवण आली."

मी तिच्या कपाकडे बघितलं. तिला कळलं की मला कळलंय. मग ती रडली. साथीच्या वर्षी ताप आला होता, तेव्हा चव आणि वास दोन्ही गेले आणि परत आलेच नाहीत. मिरचीची फक्त आग कळायची, बाकी सगळं ओला कापूस. तिनं नोकरी सोडून या स्पर्धेसाठी दोन वर्षं तयारी केली होती, घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. "मी हातांनी करते काकू. सवयीनं. फक्त मीठ चुकतं."

मी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं, असं आज कुणीही म्हणेल. पण सकाळच्या वेळी समोर पोर रडत असताना माणूस तसा विचार करत नाही. मी तिला म्हटलं, तू झाकण काढ, मला वाफ येईल. मी पदर नीट केला तर मीठ बरोबर. कानाला हात लावला तर कमी. नाकावर बोट फिरवलं तर जास्त. एवढं सोपं. सगळ्या महाराष्ट्राला वाटलं मालतीताईंना पदराशी चाळा करायची सवय आहे. मी तिची बारा पातेली तशी सांगितली आणि बाराच्या बारा बरोबर निघाली. माझी स्वतःची वेगळी. हा आकडा वाहिनीकडे नाही, फक्त माझ्या वहीत आहे.

ती मात्र चाखायची. छान चाखायची. चमच्याच्या टोकावर थोडंसं, डोळे मिटून. तिच्याइतकं सुंदर त्या सीझनमध्ये कुणी चाखलं नाही.

मग तो दिवस. परीक्षक म्हणजे गळ्यात रेशमी रुमाल बांधणारे एक गृहस्थ. त्यांनी माझ्या शेवभाजीचा दुसरा घास घेतला, तिसरा घेतला आणि मग चमचा खाली ठेवून विचारलं, "तुम्ही पाठवायच्या आधी चव घेतली होती?" मी म्हटलं नाही. ते म्हणाले, चव न घेता ताट पाठवणं हा खाणाऱ्याचा अपमान आहे. मी सांगायचा प्रयत्न केला, उष्टं, नैवेद्य, वाफ. 'वाफ' म्हटल्यावर तिथले कॅमेऱ्यामागचे लोकसुद्धा हसले. रुमालवाल्यांनी अनुजाकडे वळून विचारलं, "तुम्ही शेजारी असता. या कधीच चाखत नाहीत?"

तिला म्हणता आलं असतं, मी बघितलं नाही. तिला म्हणता आलं असतं, माझं लक्ष माझ्या कामात असतं. ती म्हणाली, "कधीच नाही, सर." इथवर मी समजू शकले असते. खरंच होतं ते. पण तिनं पुढं एक वाक्य जोडलं. "मला शेजारी उभं राहून भीती वाटते, की कुणाला काही झालं तर."

भीती वाटते. जिच्या बारा पातेल्यांना मी नाक दिलं तिला माझ्या पातेल्याची भीती. त्याच संध्याकाळी मी घरी निघाले. पुढचे दोन भाग तिनं वजनकाट्यावर मीठ मोजून कसेबसे काढले आणि आधीच्या गुणांच्या बेरजेवर सीझन जिंकला. चवीचं पदक तिच्या गळ्यात घालताना रुमालवाले म्हणाले, अशी जीभ क्वचित असते.

जळगावात परत आले तर रिक्षावाल्यापासून सोनाराच्या दुकानातल्या मुलीपर्यंत सगळे विचारायचे, "काकू, तुम्ही चाखत नाही ते खरंय का?" दोन वर्षं ऐकलं. कुणी कुचकटपणानं विचारायचं, कुणी भोळेपणानं. मी हसून सोडून द्यायची आणि घरी येऊन वहीत लिहायची. त्या सीझनचे जुने भाग मी पुन्हा पुन्हा बघितले. अनुजानं किती वेळा चाखलं, किती वेळा त्यानंतर माझ्याकडे बघितलं, सगळं वेळेसकट मांडून ठेवलं. तिचे चवीचे गुण दोन गटांत केले, मी असताना आणि मी गेल्यावर. फरक एवढा ठळक होता की कुठल्याही शाळामास्तरला दाखवला असता तर त्यानं कॉपी म्हणून पकडली असती. पण दाखवणार कुणाला? मीच कॉपी दिली होती.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. तोवर ती स्पर्धेत पाहुणी परीक्षक झाली होती, रुमालवाल्यांच्या शेजारी खुर्ची होती तिला. आता तिच्या नावाचा मसाला येणार होता, आणि जळगावच्या एका महिला मंडळानं शिरसोली रस्त्यावरच्या लॉन्सवर मोठी भरीत पार्टी ठेवली होती. तिथं ती स्वतः भरीत करून वाढणार होती. "काकू, तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहाल ना? तेव्हाचं मनावर घेऊ नका हं. तो शो होता."

शो होता. मी म्हटलं, येते की.

त्या सकाळची थंडी अजून अंगावर आहे. ऊन पडलं होतं पण कोवळं, आणि काड्यांचा धूर लॉन्सभर कमरेच्या उंचीवर तरंगत होता. मंडळाच्या बायकांनी पहाटेपासून वांगी भाजून, सोलून, लाकडी मुसळांनी ठेचून ठेवली होती. मिरची-लसणाचा ठेचा वेगळा तयार होता. इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे भरिताचं मीठ त्या ठेच्यात असतं. मिरची कुटतानाच घालतात, वरून कुणी घालत नाही. पण त्या दिवशी बायकांनी मान म्हणून ठेच्यात मीठ घातलंच नव्हतं, वेगळं काढून ठेवलं होतं. मोठी बाई येणार, टीव्हीवरची, मीठ तिच्या हातचं पडू दे. आणि अनुजाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं की खान्देशात ठेचा खारटच असतो, वरून मीठ घालू नका. दोन्हीकडून आदरच होता.

तिनं मोठ्या पातेल्यात फोडणी केली, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, मग ठेचा, मग वांगी. हात फार सुंदर चालत होते, खोटं कशाला बोलू. समोर तीनेकशे माणसं पाटांवर बसलेली, केळीच्या पानांवर पुऱ्या वाढून झालेल्या. पहिल्या पंगतीत आमची अक्का. अनुजानं पातेलं माझ्या बाजूला किंचित कलतं केलं आणि ओठ न हलवता म्हणाली, "काकू?"

वाफ आली. कोरी होती.

इतकी कोरी की मला आधी वाटलं माझंच काही चुकतंय. मी पुन्हा वाफ येऊ दिली. मीठ नव्हतंच. मला विचार करायला वेळ नव्हता असं मी म्हणणार नाही. भरपूर वेळ होता. तिच्या गळ्यातलं पदक आठवलं, 'भीती वाटते' आठवलं, सोनाराकडची मुलगी आठवली. समोर पानं मांडून बसलेली माणसंही दिसत होती, त्यांनी माझं काही वाईट केलं नव्हतं. मी सगळं बघितलं आणि पदर नीट केला.

माइक धरणाऱ्या बाईंनी विचारलं, "मॅडम, चव कशी जमलीय?" अनुजानं चमच्याच्या टोकावर थोडंसं घेतलं, डोळे मिटले. "अप्रतिम. मीठ, तिखट, सगळं कसं मोजून मापून." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग वाढप झालं. आमची माणसं पाहुण्यांसमोर पटकन काही बोलत नाहीत. पहिला घास झाला, दुसरा झाला, सगळे एकमेकांच्या पानांकडे बघायला लागले. शेवटी मागच्या रांगेतून एका बाईनं हळूच विचारलं, "मीठ शे का वं बाई यामा?" दुसरी म्हणाली, "कोनी टाकंच नही वाटस." मग मिठाची वाटी निघाली. एक, मग चार. रांगांमधून मिठाच्या वाट्या फिरत होत्या आणि स्टेजवर मसाल्याचा फलक लागलेला होता, त्यावर अनुजाचा फोटो, तोंडाशी चमचा नेलेला. पोरीबाळींनी मोबाइलवर सगळं घेतलं. संध्याकाळपर्यंत ते रावेरला पोचलं, दुसऱ्या दिवशी पुण्याला. एका बाजूला ती 'मोजून मापून' म्हणतेय, दुसऱ्या बाजूला मिठाच्या वाट्या.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. पण बोलणार काय? मला दोष द्यायचा तर आधी स्वतःची जीभ सगळ्यांपुढे मांडावी लागली असती. मीही तिच्याकडे बघितलं, नजर काढली नाही. मला फार बरं वाटलं. वाईट वाटलं असं इथं लिहिलं तर वाचायला चांगलं दिसेल, पण ते खोटं होईल. घरी जाताना मी रिक्षात गुणगुणत होते.

या वर्षीची जाहिरात आली तेव्हा पाहुण्या परीक्षकाच्या खुर्चीत दुसरंच कुणी बसलेलं दिसलं. मी वहीत तिच्या नावापुढं एक काट मारली आणि आमच्या ह्यांना चहा करून दिला, न मागता. त्यांनी पेपर खाली ठेवून बघितलं.

पण त्या भरीत पार्टीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का घरी आली होती, त्याचं काय ते मला अजून ठरवता येत नाही. ती ओसरीवर बसली, पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "तू तठे व्हती ना, मालू? पातेलाले लागीसन उभी. बठ्ठासले अळणी लागनं. तुले नही समजनं?"

सगळ्यांना अळणी लागलं ते मला कसं कळलं नाही, याला दोनच उत्तरं होती. एक खरं होतं: समजलं होतं, अक्का, आणि तरी मी वाढू दिलं. तीनशे पानांवर, तुझ्या पानावरसुद्धा. चाळीस वर्षं जिनं पंगतीला देव मानलं तिला हे सांगायचं. मी अनुजाची सगळी हकीकत, चहा, पदर, भीती, जिभेवर आणून बघितली. त्यातलं काहीही अक्काच्या पानावरच्या त्या अळणी भरितापुढं पुरेसं वाटेना.

"नही समजनं, अक्का," मी म्हटलं.

अक्कानं तांब्या बाजूला सरकवला. रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, म्हातारपण कुणाला लागलं की येते तशी. "व्हस कधी कधी," ती म्हणाली. मी पन्नाशीची आणि ती पंच्याहत्तरीची.

चैत्रात धुळ्याला पुतणीचं लग्न झालं. नेहमीसारख्या दोन चुली, एक तिची, एक माझी. माझी डाळ झाली. मी झाकण काढलं, वाफ भरलेली आली, मी पदराला हात पुसले. तेवढ्यात अक्का तिची चूल सोडून माझ्याकडे आली. माझ्या पातेल्यातला नैवेद्य तिनं आधी वाटीत काढून घेतला, वाटीवर झाकण ठेवलं आणि मग माझ्या हातात चमचा दिला. "आते चाखत जाय," म्हणाली, अगदी हळू, बाजूच्या बायकांना ऐकू जाणार नाही असं.

मी चाखलं. "बराबर शे," म्हटलं. अक्कानं मान हलवली, दुसरा चमचा घेतला आणि स्वतः चाखून पाहिलं.